वाऱ्याआडची जागा

भूत, आत्मा, संकेत हे शब्द मी आजवर फक्त पुस्तकांत वाचले, आणि तेही हसत. आजही विश्वास आहे असं म्हणवत नाही. तरी लिहितोय, कारण थोरला भाऊ विजू गेल्यानंतर घडलेली ही एक गोष्ट मला मनात कुठेच नीट ठेवता येत नाही.

आम्ही खामगावजवळच्या खेड्यातले, दोघंही सायकल रेसिंग करणारे. बीटी कपाशीवर बोंडअळी परत आली त्या वर्षी गावभर दोन-दोन औषधं एकत्र कालवून फवारणी चालली होती. विजूभाऊ फवारताना सायकलिंगची जर्सी घालायचा. पातळ, लगेच सुकणारी. मी हटकलं तर म्हणाला, "काऊन घाबरतो बे? पाण्यात खंगाळली की झालं!" आणि सकाळी तीच जर्सी घालून प्रॅक्टिसला. घामासोबत अंगात काय मुरत होतं, ते आम्हाला कळलं तेव्हा तो दवाखान्यात होता. त्याच्या श्वासाला, केसांना, उशीलासुद्धा त्या औषधाचा वास होता... सडलेल्या लसणासारखा, गोडसर. तिथून तो परत आला नाही.

पुढच्या वर्षी पावसाळा सरल्यावर सीझनची पहिली ज्युनियर रेस होती. खामगावहून शेगावकडे जायचं आणि परत. पहिल्या तिघांची राज्य स्पर्धेसाठी निवड. विजूभाऊचं तेवढंच राहून गेलं होतं, म्हणून मला ते हवंच होतं. पण स्टार्टला पोचलो आणि वर पाहिलं. बॅनर कीटकनाशकाचं, स्पॉन्सर एक कृषी केंद्रवाले शेठ, आणि बक्षीस काय — फवारणीचे पंप. पोरांना!

येताना वारा समोरून होता. मी घोळक्यातून सुटलो, एकटा मागे पडलो. पुढच्याच्या चाकाला चिकटून राहिलं की वारा लागत नाही. एकट्याला तो खाऊन टाकतो. गेली रेस, असं मनात आलं आणि वारा थांबला. फक्त माझ्यापुरता. कडेच्या शेतातली तूर तशीच वाकत होती. समोर मोकळा रस्ता, कुणीही नाही.

आणि तो वास.

इतकी किळस आली की हँडलवरच उलटी झाली. बाजूला सरकलो — स्वच्छ हवा, पण वारा छातीवर आदळला. परत आत आलो — वारा बंद, वास सुरू. एका सायकलच्या रुंदीची ती जागा होती. वळणावर वारा उजवीकडून यायला लागला तेव्हा ती जागा डावीकडे सरकली. विजूभाऊ मला असाच आडोशाला घ्यायचा. सख्ख्या भावाची शिसारी येत होती आणि त्याच्या मागून हलवतही नव्हतं. ओकाऱ्या गिळत, तोंडाने श्वास घेत मी त्या घाणीत पेडल मारत राहिलो.

घोळका गाठला तेव्हा सगळ्यात मागचा पोरगा, फैजान, वळून ओरडला, "अबे, फवारा मारून सीधा इकडेच आला का बे? दूर राय, मळमळून राह्यलं मले!"

मी तिसरा आलो.

हार घालायला शेठ वाकले आणि झटकन मागे झाले. नाकाला रुमाल. "काय सांडवलं बे अंगावर? आंघोळ तरी करून येत जाय!" ज्यांचं दुकान त्याच वासावर चालतं, त्यांना तो सोसवेना.

"तुमचंच आहे," एवढंच माझ्या तोंडून निघालं. पंप मांडवातच सोडला. निवड तेवढी घेतली.

घरी आईने माझी जर्सी हुंगून पाहिली. तिला नुसता घामाचा वास आला. नात्यातले एक डॉक्टर म्हणतात, दुःखात असे वास येतात, मेंदूच आठवणीतला वास उभा करतो. माझ्यापुरतं मी ते मानलं. वाऱ्याचंही काहीतरी उत्तर असेल, मला अजून सापडलेलं नाही. पण फैजानने विजूभाऊला कधी पाहिलंही नव्हतं... आणि शेठना कुणाचं सुतक होतं?