लदिनीचे चणे
चणे उकडल्याचा वास आला की मला गोव्यातल्या मांद्र्याची माझी घरमालकीण आठवते. मी तिथल्या शाळेत मास्तर होतो आणि तिच्याकडे एका खोलीत भाड्याने राहायचो. तिचा नवरा मासेमारी करायचा, तो वारलेला. दोन्ही मुलगे परदेशी बोटीवर. जूनअखेर सां पेद्रू या संताचं फेस्त आलं. तो येशूचा शिष्य, मूळचा मासे धरणारा. त्याला उलटा क्रुसावर मारला, हे ती घरातल्याच माणसाचं सांगावं तसं सांगायची. त्या संध्याकाळी तिने ओसरीवरच्या क्रुसापुढे मेणबत्त्या लावल्या, लदिनीला येणाऱ्यांसाठी टोपभर चणे उकडले. पण पाऊस असा लागला की प्रार्थनेला कोणीच फिरकलं नाही. "मास्तर, तुमी जाप दियात," ती म्हणाली. "एकट्यान लदीन जायना." मग तिने एकेक ओळ गायची आणि मी दर वेळी 'ओरा प्रो नोबिस' एवढंच उत्तर द्यायचं. अर्थ मी विचारला नाही. शेवटी तिने माझ्या ओंजळीत चणे घातले, आणि वर मुलांच्या वाट्याचेही. त्याला आता बरीच वर्षं झाली. बायको गेल्यापासून संध्याकाळची आरती मी एकटाच म्हणतो. कडवं संपलं की 'जय देव' म्हणायच्या आधी जरासा थांबतो.