छातीभर उंची

दुष्काळाचं तिसरं वर्ष होतं. शिरपूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी मी जंगल खात्यात हंगामी कारकून होतो. पाण्यावाचून झाडांचं काय होतंय ते कळावं म्हणून ठरलेल्या वीस सागांचा घेर दरसाल मोजायचा, एवढंच काम. फीत कुठे बांधायची? इंग्रजी हुकुमाचं मराठी करणाऱ्या शहाण्याने फूट-इंच गाळून नुसतं 'छातीभर उंचीवर' लिहिलं होतं. मी इमानदारीत छातीशी फीत धरली. कागद पाहून साहेबांनी चष्मा काढला.

"पाऊस नाही, झाडाला पान नाही, आणि तुमचे साग बाळसं धरतायत? आठ दिवसांत नीट मोजून आणा. नाहीतर कायम व्हायचं विसरा आणि जामनेरला घरी जा."

घरी जाऊन काय करणार? पाऊस तिथेही नव्हता.

माझं तोंड पाहून सोबतचा गार्ड मात्र हसत सुटला. "झाड तेच शे भाऊ, छाती बदलनी!"

आधीच्या सालची मोजणी नानांनी केली होती. नाना म्हणजे नुकतेच निवृत्त झालेले, ताडमाड उंच गार्ड. मी हा असा बुटका. साग खाली जाड, वर बारीक. माझी छाती नानांच्या पोटाशी येते, हे हुकूम लिहिणाऱ्याला कुठलं सुचायला!

नानांना बोलावून आणलं. पहिल्या सागाला छाती टेकवून ते उभे राहिले आणि माझ्यापेक्षा जेमतेम चार बोटं उंच भरले. दुष्काळाने त्यांना पार वाकवलं होतं.

"मनी छाती कोठे गई?" ते पुटपुटले. मग खोडाला धरून असे ताठ झाले की हाडं वाजली. "बांध आते फीत! लवकर!"

वीसही झाडांना हेच. त्यांना पुन्हा त्रास नको म्हणून मी प्रत्येक खोडावर त्या उंचीला गेरूचा पट्टा ओढला. आकडे जुळले. साग तसूभरही वाढले नव्हते. मी कायम झालो, आणि लाज वाटावी इतका आनंद झाला.

पुढच्या मोजणीला नानांची गरज नव्हती. तरी ते काठी टेकत आले आणि पहिल्या सागाशी उभे राहिले. पट्टा त्यांच्या हनुवटीशी आला. ते त्याच्याकडे बघत राहिले.

"झाड वाढनं," ते म्हणाले.

"वाढलं, नाना," मी म्हटलं आणि फीत खिशात घातली.