ओनर्स ईगो, डबल हाइट

“मॅडम, ये ‘ओनर्स ईगो’ कौन-सी मशीन है? हीट कितनी देती है?”

तोमरजींनी हे भर मीटिंगमध्ये विचारलं. तोमरजी आमचे एसी डक्टचे सब-कॉन्ट्रॅक्टर. डक्ट म्हणजे छताखालून थंड हवा नेणारे पत्र्याचे बोगदे. त्यांचं वर्कशॉप गाझियाबादला, आमची साइट गुडगावात. तेव्हा तिथे ऑफिसांचे टॉवर कमी आणि त्यांची होर्डिंगं जास्त होती. टेबलाच्या टोकाला टॉवरचे मालक खन्नासाहेब बसले होते. ईगो त्यांचाच होता.

मी आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंग कोऑर्डिनेटर होते. सब-कॉन्ट्रॅक्टरांना आम्ही कागदी प्रिंट द्यायचो. पण तोमरजींनी नवा कॉम्प्युटर घेतला आणि थेट फाइलच मागितली. आमच्याच नकाशावर त्यांना डक्ट काढायचे होते. “फाइल देना मतलब घर की चाबी देना,” माझे बॉस बत्रा कुरकुरले. तरी त्यांनी स्वतः फ्लॉपी भरून दिली.

अशा फाइलमध्ये लेयर असतात. एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागदच समजा. एकावर भिंती, एकावर खांब, एकावर दिवे. नको तो लेयर बंद करता येतो. मग तो दिसत नाही, पण फाइलमधून जातही नाही. बत्रांचा असा एक खाजगी लेयर होता. खन्नांनी लॉबी पुन्हा एकदा उंच करून मागितली, तेव्हा वैतागून त्यांनी त्यावर भला मोठा चौकोन काढला आणि आत लिहिलं, ‘ओनर्स ईगो, डबल हाइट’. डबल हाइट म्हणजे दोन मजल्यांची उंची.

काही राहून जायला नको, म्हणून तोमरजींनी सगळे लेयर चालू केले. सज्जन माणूस. त्यांनी डक्ट त्या चौकोनाला वळसा घालून नेले. वर ईगोला स्वतंत्र एसी दिला.

खन्नांनी चष्मा चढवला आणि प्रिंट पुढे ओढली. बत्रांनी चहाच्या कपात तोंड खुपसलं. आमचे पुढचे दोन टॉवर याच माणसाच्या हातात होते.

“ई-जी-ओ,” मी म्हणाले. “एंट्रन्स ग्लास ओपनिंग. शॉर्ट फॉर्म है, सर.”

“अच्छा, काँच है!” तोमरजी खूश झाले. “फिर तो हीट बहुत आएगी.”

खन्ना बराच वेळ प्रिंटकडे बघत होते. मग माझ्याकडे. मग बत्रांकडे.

“बत्राजी,” ते शांतपणे म्हणाले, “हाइट कम कर दो. एक मंज़िल काफ़ी है.”

लॉबी एकमजली झाली. वर भाड्याने द्यायला एक मोठा हॉल निघाला आणि पुढचे टॉवरही आम्हालाच मिळाले. खन्नांना नेमकं काय कळलं होतं, हे विचारायची हिंमत कोणालाच झाली नाही.

तेव्हापासून बाहेर जाणारी प्रत्येक फाइल मी आधी सगळे लेयर चालू करून बघते. आणि मालकाविषयीचं मत फाइलमध्ये कधीच लिहीत नाही. अगदीच अनावर झालं, तर घरी जाऊन बोलते. मराठीत.