बाळासोंचा तिसरा स्पीकर

बाळासो सुतारांच्या घरी मी रविवारी पेटी वाजवायला जात असे. एरवी मी शाळेत मराठी शिकवायचो. बाळासोंचं घर शाहूपुरीत होतं. पुढं रेडिओ दुरुस्तीचं दुकान, मागं राहती जागा आणि सगळ्यात मागं एक खोली. एकोणऐंशी साली त्यांनी त्या खोलीच्या भिंतींना काथ्या आणि पोती ठोकली, खिडकी विटांनी बुजवली आणि तिथं रेकॉर्डिंग सुरू केलं. आजूबाजूच्या गावांतली भजनी मंडळं, गोंधळी, शाहीर त्यांच्याकडे यायचे.

हाताला सुतारकी होती, म्हणून स्पीकरची खोकी त्यांनी स्वतः सागवानात बनवली होती. कमरेएवढी दोन खोकी. आपल्या बसायच्या जागेपासून दोरी लावून दोन्ही खोकी अगदी सारख्या अंतरावर मांडलेली. घरातल्या कुणी केर काढताना खोकं बोटभर जरी हलवलं तरी ते चिडायचे. त्या खोक्यांतून पेटी ऐकली की मलाही आपण बरं वाजवतो असं वाटायचं.

ब्याऐंशीच्या दिवाळीनंतर गारगोटीकडच्या एका खेड्यातून कृष्णात नावाचा शेतकरी आपल्या आईला घेऊन आला. तानाबाई तिचं नाव. साठीची असेल. पोटात गाठ होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते.

"आईच्या जात्यावरच्या ओव्या घरात ऱ्हायल्या पायजेत," कृष्णात म्हणाला. "एवढं करा."

बाळासोंनी खुर्ची पुढं केली, पण तानाबाई खालीच बसल्या. मी पेटी उघडली तशी त्या म्हणाल्या, "ह्ये कशाला? आमी कवा पेटीवर म्हनलंय?"

"मावशी, नुसत्या गळ्यावर कॅसेट पोकळ वाटती," बाळासो म्हणाले. "मागनं जरा भरीव पायजे."

मी मध्ये पडून त्यांना थांबवू शकलो असतो. पण मला वाजवायचं होतं, म्हणून गप्प बसलो. मला आणि ढोलकीवाल्याला बाहेरच्या खोलीत बसवलं, मधल्या दारात दोन वाकळा टांगल्या. म्हणजे टेपच्या एका पट्टीवर तानाबाईंचा आवाज आणि दुसरीवर आमची साथ, अशी वेगवेगळी नोंद झाली. तानाबाईंनी तासभर ओव्या म्हटल्या. मधे दोनदा पाणी मागितलं. मी वाजवण्यात इतका गुंग होतो की शब्दांकडं माझं लक्षच नव्हतं.

नंतरच्या आठवड्यात बाळासोंनी दोन्ही पट्ट्या एकत्र करून कॅसेट बनवली. मोठ्या खोक्यांवर ती सुंदर वाजली. ती गावी पोचायच्या आतच तानाबाई गेल्या.

तेराव्यानंतर चार दिवसांनी कृष्णात आला. डोकं भादरलेलं. कॅसेट त्यानं बाळासोंच्या टेबलावर ठेवली.

"पेटी वाजतीया, ढोलकी वाजतीया. आई कुठं हाय?"

बाळासोंनी कॅसेट मोठ्या खोक्यांवर लावली. तानाबाईंचा आवाज खोलीत भरला.

"हितं तर येतंय की ऐकू."

कृष्णातनं खोक्यावर हात ठेवला. "हितं येतंय. पण आमच्या घरात हे खोकं कुठनं आणायचं? घर भरून पावणं बसलं हुतं बाराव्याला. समद्यांनी कान लावलं. कुणाला एक शब्द कळंना."

तो चहासुद्धा न घेता गेला. बाळासो दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून एसटीनं त्याच्या गावी गेले. मीही बरोबर होतो. कृष्णातच्या मेहुण्यानं मिलिटरीतून आणलेला एक छोटा टेप भिंतीतल्या कोनाड्यात होता. एकच स्पीकर, तळहाताएवढा. त्यावर बाळासोंनी कॅसेट ऐकली. माझी पेटी त्या कोनाड्यात मधमाश्यांसारखी घोंघावत होती आणि तिच्यामागं कुठंतरी एक बाई म्हणत होती. बाळासोंनी मान खाली घातली. परतीच्या वाटेवर ते फक्त एवढंच म्हणाले, "मास्तर, तीन वर्षं मी माज्याच कानासाठी काम केलं."

घरी आल्यावर त्यांनी एका मोडक्या रेडिओतला पाच इंची स्पीकर काढला आणि फळ्यांच्या छोट्या डब्यात बसवला. त्याची जागा ठरवण्यात त्यांचे बरेच दिवस गेले. पहिल्यांदा तो कोपऱ्यातल्या कपाटावर ठेवला. तिथं कोपऱ्यामुळं ढोलकी फुगून येई आणि आवाज डोक्यावरून निघून जाई. मग आपल्याच टेबलावर, भिंतीला टेकवून ठेवला. तर टेबल थरथरायचं आणि तो थरथराटच ऐकू यायचा. त्यांच्या पत्नी, लीलावहिनी, दारातून बघत होत्या.

"अवो, मानूस बोलतंय तसा समोर ठेवा की त्याला," त्या म्हणाल्या. "वर न्हाय, कोपऱ्यात न्हाय."

बाळासोंनी डब्यासाठी वेगळी लाकडी घोडी ठोकली. दोन मोठ्या खोक्यांच्या बरोबर मधोमध, भिंतीपासून दोन हात पुढं, बसल्यावर कानाला येईल एवढ्या उंचीवर. डब्याखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले, म्हणजे हादरा घोडीत उतरणार नाही. डब्याचं तोंड थेट आपल्याकडं. मोठी खोकी बंद करून फक्त हाच चालावा म्हणून एक बटण बसवलं. आणि आवाज मुद्दाम बारीक, शेजारी बसून कुणी बोलावं तेवढाच.

मग मूळ टेप लावून ते पुन्हा कामाला बसले. छोट्यावर शब्द कळेपर्यंत साथ खाली आणायची, नंतर मोठ्यांवर ऐकून आवाज कर्कश होत नाही ना ते बघायचं, पुन्हा छोट्यावर यायचं. एकेका ओवीला असं. मला त्यांनी समोर बसवून घेतलं होतं. माझी पेटी हळूहळू विरत गेली. सुरुवातीला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण जसजसे शब्द वर आले तसतसं मला पेटीचं भान राहिलं नाही.

शेवटच्या सात ओव्या एकाच नावानं होत्या.

"मास्तर, ही हौसा कोन असंल?" बाळासोंनी विचारलं. मला काय ठाऊक?

नवी कॅसेट द्यायला आम्ही पुन्हा गेलो. तोच कोनाडा, तोच टेप. कृष्णात दाराशी उभा, त्याची म्हातारी आत्या बयाबाई चुलीपाशी. तानाबाईंचा आवाज आला, अगदी घरात बसून म्हणावं तसा. कृष्णातनं डोळ्यांवर हात ठेवला. नंतर हौसाच्या ओव्या लागल्या. माझ्या हौसाच्या पायात वाळा राहिला, तिचं झबलं मी वलनीवर ठेवलं, असं काहीबाही.

"आत्ती, हौसा कोन?"

बयाबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"तुजी थोरली भन. चार वरसांची हुती. देवीच्या साथीत गेली, तू व्हायच्या आदी." तिनं पदर डोळ्यांना लावला. "वैनीनं पुना नाव काडलं न्हाय घरात. पाटंला दळताना म्हनायची, पर जातं घरघरायचं. आमास्नी काय कळायचं?"

कृष्णातनं टेप बंद केला नाही. कॅसेट संपली, खटका वाजला. मग आत जाऊन त्यानं आमच्यासाठी पाण्याचा तांब्या आणला.

एसटीच्या थांब्यावर बाळासो अस्वस्थ होते. "आपन तिचं झाकलेलं उघडं केलं व्हय?"

"माईकपुढं तिनं स्वतः म्हटलं," मी म्हणालो. "तिथं कुणी जातं फिरवत नव्हतं."

त्यांनी मान हलवली, पण त्यांचं समाधान झालं असं मला वाटलं नाही.

पुढं सहा वर्षं ती खोली चालली. छोट्यावर ऐकल्याशिवाय बाळासोंनी एकही कॅसेट बाहेर दिली नाही, आणि साथीदारांशी त्यावरून भांडणंही ओढवून घेतली. तानाबाईंच्या वर्षश्राद्धाला कृष्णातनं आईच्या पानाशेजारी हौसाच्या नावानं दुसरं पान वाढलं. आम्हाला दोघांनाही निरोप होता. माझ्या शाळेत परीक्षा होत्या, मी जाऊ शकलो नाही. बाळासो गेले आणि जेवून आले.