हर्षला भोईरचा बिबट्या

हर्षला भोईरला शिसारी फार लवकर यायची. दुधावरची साय ओठाला लागली तरी ती तोंड फिरवायची. लग्नाच्या पंगतीत समोरचा बोटं चाटत जेवायला लागला की पान तसंच टाकून उठायची. "हिला राजाच्या घरात द्यायला पायजे," असं तिची आई, सुनंदा, कर्जतच्या भिसेगावातल्या शेजारणींना सांगायची आणि वर म्हणायची, "पन राजा बी ढेकर देतोच की गं."

हर्षला साजगावच्या एका कारखान्यात डिस्पॅचला होती. ट्रकात कुठला माल आधी चढवायचा आणि कुठला मागून, म्हणजे वाटेत उतरवताना खोळंबा होणार नाही, हे बघायचं तिचं काम. क्रम लावण्यात तिचं डोकं भारी चालायचं. चुकीच्या क्रमाने चढवलेली खोकी दिसली तरी तिच्या अंगावर काटा यायचा.

खेळाची ओळख तिला कमळाकर दळवीने करून दिली. कमळाकरचं खालापूरला एसटी थांब्यापाशी मोबाईल-लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान. चाळिशीचा गडी, आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. सगळं गाव त्याला कमळ्या म्हणायचं, हर्षला तेवढी दादा म्हणायची. तिने लॅपटॉपची स्क्रीन बदलायला दिली होती, ती चिकटेपर्यंत थांबायचं होतं, म्हणून ती बाकावर बसली. कमळाकरच्या स्वतःच्या स्क्रीनवर एक ससाणा डोंगरावरून तरंगत होता.

"हे काय दादा?"

"बहुरूपी हाय माझा. ह्ये बटन दाबलं का बिबट्या. ह्ये दाबलं का अस्वल. आनि ह्यो बघ, ससाणा. बस हितं, उडव."

तिने उडवला. घरी गेल्यावर आठवडाभरात तिने स्वतःचा बहुरूपी उभा केला होता.

या खेळात देशभरातली माणसं आपापल्या घरून एकत्र जमून शिकार करायची. समोर एखादा अजस्र राक्षस, त्याला बॉस म्हणत, आणि प्रत्येकाने त्याला किती इजा केली ते दाखवणारा एक मीटर पडद्याच्या कोपऱ्यात. बहुरूपी या मीटरवर कायम तळाला असायचा. लोक म्हणत, हे पात्र नुसतं शोभेचं आहे.

हर्षलाला ते पटेना. कामावरून आली, चहा झाला की ती सरावाच्या मैदानात जायची आणि तिथल्या लाकडी बुजगावण्यावर तुटून पडायची. बिबट्याचं गणित तिने उलगडत नेलं. आधी ओरबाडा काढायचा, म्हणजे जखम आपोआप वाहत राहते. ती वाहायची थांबण्याआधी पुन्हा ओरबाडलं तर पहिली फुकट जाते, उशीर केला तर मधला वेळ फुकट जातो. पुरेशा जखमा झाल्या की लचका तोडायचा. पण तोवर बिबट्याचा दम संपतो आणि तो धापा टाकत नुसता उभा राहतो. तिथेच सगळे हरायचे. रूप बदलण्यात वेळ जातो, म्हणून बहुरूप्याने शिकारीत बिबट्याच राहायचं, असा सगळ्यांचा दंडक होता. हर्षलाने तो मोडून पाहिला. अस्वल दमावर नाही, रागावर चालतं. दम संपला त्याच क्षणी अस्वल व्हायचं, पंजाचा एक तडाखा हाणायचा आणि परत बिबट्या. तोवर दम भरलेला. जो वेळ वाया जातो म्हणत होते, तो तसाही वायाच जात होता.

"आता अस्वल... आता लचका," ती पुटपुटायची, आणि सुनंदा आतून ओरडायची, "कुनाचा लचका तोडतेस गं? भाताचा गिचका झाला हितं!"

हा क्रम घेऊन हर्षला एका शिकारीत गेली आणि मीटरवर पहिली आली. त्या शिकारीचा म्होरक्या होता पनवेलचा निलेश. गोड आवाजाचा, दर वाक्याला 'प्लीज' म्हणणारा. त्याने तिला आपल्या 'गर्जना' ग्रुपमध्ये घेतलं. तिने कमळाकरलाही ओढून नेलं.

पहिले काही महिने मजेत गेले. पहिली येण्याची चटक वाईट, आणि ती हर्षलाला लागली होती हे खोटं नाही. मग निलेशने तिचा क्रम सगळ्या बहुरूप्यांना सक्तीचा केला. 'हर्षला क्रम' असं नावच पडलं. हळूहळू बाकीच्या पात्रांचेही क्रम ठरले. शिकार संपली की कोण कसं खेळलं हे कुणी बोलेना, नुसते आकडे वाचले जात. जो खाली राहील त्याला 'ओझं' म्हणायची पद्धत पडली. "मीटर खोटं बोलत नाही, प्लीज," निलेश म्हणायचा. सुरभी नावाची दादरची एक मुलगी होती, ती या 'ओझ्यां'च्या आवाजाच्या नकला करायची आणि सगळे खिदळायचे. हर्षला हेडफोन कानावरून थोडा सरकवायची, पण काढायची नाही.

कमळाकरला क्रम जमत नव्हता. एका रविवारी हर्षला त्याच्या दुकानात बसून शिकवायला गेली. त्याने दोन-चार वेळा नीट केलं आणि मग टुणकन ससाणा झाला.

"दादा, आता का उडलात?"

"अगं, ती मागची पोरं दरीत अडकलीत. वाट दावून येतो."

मागे राहिलेल्यांना वाट दाखवणं हे त्याचं आवडतं काम. मीटर त्याचा एकही आकडा धरत नव्हता. "दादा दम वाया घालवतात," असं हर्षला एकदा ग्रुपमध्ये सहज बोलून गेली. निलेशने ते नीट ऐकून ठेवलं.

दिवाळीनंतर ग्रुपने प्रत्यक्ष भेटायचं ठरवलं. पुण्याला, मुंबईला सारखंच अंतर म्हणून कर्जत. कमळाकरने ओळखीच्या माणसाचं फार्महाऊस मिळवून दिलं. सकाळी लवकर जाऊन त्याने मागच्या अंगणात चूल मांडली, मटण शिजवलं, राखणदाराच्या बायकोकडून तांदळाच्या भाकऱ्या करून घेतल्या. एवढी माणसं घरी आल्यासारखा तो नाचत होता. "जेवा रं पोटभर! लाजू नका!"

लाजत कुणीच नव्हतं. हर्षला दुपारी पोचली तेव्हा हॉलमध्ये पाय ठेवताच तिने ओढणी नाकाशी धरली. एसीसाठी खिडक्या बंद. पोहण्याच्या तलावात डुंबून आलेल्यांचे ओले टॉवेल खुर्च्यांवर, त्यांचा कुबट वास. लॅपटॉपांच्या मध्ये खरकट्या ताटल्या, चोखून फेकलेली हाडं, बिअरच्या डब्यांत विझवलेली सिगारेटची थोटकं. त्याच रश्शाच्या बोटांनी सगळे बटणं बडवत होते. हॉलमध्ये प्लग उरला नाही म्हणून कमळाकर आपला लॅपटॉप घेऊन बाहेर पडवीत बसला होता.

शिकार होती काळ्या रेड्याची. तो पडला की त्याचं कातडं कुणा एकाला मिळतं. वाटेकरी जितके कमी, तितकी आशा जास्त. हर्षलाने आपला क्रम धरला. ओरबाडा, लचका, अस्वल, बिबट्या. रेडा गुडघ्यावर आला.

आणि तिच्या पडद्यावर एक चौकट उमटली. कमळाकरला ग्रुपमधून काढायचं? हो. नाही.

तिने मान वर केली. निलेश ओठांवर बोट ठेवून सगळ्यांकडे बघत होता. सुरभीने तोंडावर हात दाबला होता, तिचे खांदे हलत होते. भराभर 'हो' पडले. हर्षलाची बोटं क्रमात अडकलेली. चौकट मिटली. रेडा कोसळला. कातडं हर्षलाला मिळालं.

एकच गिल्ला झाला. निलेशने रश्शाने माखलेल्या हाताने तिच्या पाठीवर थाप मारली. "क्वीन!"

तेवढ्यात पडवीच्या दारात कमळाकर उभा राहिला. "काय रं, नेट गेलं काय? माझं तर मधीच बंद पडलं."

निलेश अगदी गोड आवाजात म्हणाला, "हो ना दादा, इथेही अडकत होतं. जरा राउटर बघता का, प्लीज?"

"बघतो की. रेडा पडला का पन?"

"पडला, दादा!"

"वा रं वा!" कमळाकरचं तोंड खरंच खुललं. तो वळला, स्टूल ओढलं आणि पडवीच्या आढ्याला लावलेल्या राउटरच्या वायरी चाचपू लागला. दाराआड हॉलमध्ये उशीत तोंड खुपसून लोक हसत होते. एकाला तर हसता हसता ठसका लागला आणि घास ताटलीत परत आला.

हर्षला उठली. ती पडवीत आली आणि दार ओढून घेतलं.

"दादा, खाली उतरा. नेट गेलं नव्हतं. तुम्हाला काढलं त्यांनी."

कमळाकर स्टुलावरच थांबला. हातातली वायर त्याने नीट जागेवर खोचली, मग उतरला.

"मत घेतलं आसंल."

"हो."

"तू 'हो' दाबलंस?"

"नाही दादा. शपथ."

"मंग 'नाय' दाबलंस?"

तिने मान हलवली. नाही.

कमळाकर तिच्याकडे बघत राहिला. जशी ती सायीकडे बघायची, तसं. तिच्याकडे आजवर तसं कुणी पाहिलं नव्हतं. मग तो मागच्या अंगणात गेला, चुलीवर पाणी ओतलं, आपला झारा आणि परात स्कूटरला बांधली.

"रातीच्या जेवनाचं मटन टोपात हाय," तो म्हणाला. "राखणदाराच्या घरी देऊन ये. ह्यांच्या पानात वाढू नको."

तो गेला. हर्षलाने टोप उचलून राखणदाराच्या बायकोच्या हवाली केला, हात धुतले आणि परत हॉलमध्ये येऊन आपल्या जागी बसली.

"दादा कुठे गेले?" कुणीतरी विचारलं.

"गेले," ती म्हणाली. "पुढची शिकार लाव, निलेश."

पुढचा बॉस रेड्याहून मोठा होता. निलेशने त्या दिवसासाठीच तो राखून ठेवला होता, आणि बाहेरचेही पुष्कळ लोक ही शिकार नेटवरून थेट बघत होते. सगळी मदार हर्षलाच्या बिबट्यावर. तिने क्रमात एक चूक केली नाही. बॉसचा जीव बोटभर उरला, बाकीचे अर्धमेले झाले, आणि निलेश ओरडला, "आता सगळं तुझ्यावर! लचका!"

तिने माणूस व्हायचं बटण दाबलं. बिबट्या मिटला. काठी टेकून एक साधा बहुरूपी माळावर उभा राहिला.

"अगं काय करतेस? अस्वल हो! अस्वल!"

"नाही होत."

"हर्षला, प्लीज!"

तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले. बॉसने एकेकाला चिरडलं. तिलाही. हॉलमध्ये चहूकडून शिव्या सुरू झाल्या. निलेशचा गोडवा पार आटला होता. गळ्याच्या शिरा फुगवून तो म्हणाला, "त्या ओझ्यासाठी? दादा दम वाया घालवतात, हे कोण म्हणालं होतं? आम्ही तुझ्याच मापाने काढलं त्याला!"

"माहीत आहे," हर्षला म्हणाली. "म्हणूनच जास्त किळस येते."

तिने लॅपटॉप मिटला, वायर गुंडाळली आणि निघाली. मागून सुरभी तिच्या आवाजाची नक्कल करत होती. कर्जतच्या रिक्षात बसेपर्यंत पाठीवरची ती रश्शाची थाप तिला ओली लागत होती. घरी येऊन तिने तो ड्रेस भिजत न घालता सरळ कचऱ्यात टाकला. "नवा व्हता गं!" म्हणत सुनंदाने तो परत काढला, आणि लेकीचं तोंड बघून मुकाट धुवायला घेतला.

पुढचे दिवस घाणीचेच गेले. अनोळखी माणसांनी तिला जे जे लिहून पाठवलं ते आईला वाचून दाखवण्यासारखं नव्हतं. ते तिने पुसलं, त्याचा फारसा त्रासही झाला नाही. त्रास झाला तो एका साध्या, सभ्य निरोपाचा. नागपूरकडच्या कुणीतरी लिहिलं होतं: ताई, तुमच्या क्रमामुळे आमच्या ग्रुपमधली सगळी घाण साफ झाली, मनापासून आभार.

तो वाचून ती मोरीत गेली आणि साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. त्याच संध्याकाळी तिने कातड्यासकट बहुरूपी पुसून टाकला. क्रम मात्र पुसता येईना. तो केव्हाच चहूकडे पसरला होता, तिच्या नावानिशी.

खालापूरला जायला तिला उन्हाळा उजाडला. लॅपटॉपची बिजागरी मोडली होती. दुरुस्त करणारे कर्जतलाही होते, पण ती एसटीने खालापूरलाच गेली. कमळाकरने लॅपटॉप हातात घेतला, उघडझाप करून पाहिला.

"पडला काय?"

"नाही. आपोआप."

"बस."

ती बाकावर बसली. स्क्रू काढता काढता तो गिऱ्हाइकांशी बोलत होता, हसत होता, तेच मोठं हसणं. तिच्याशी फक्त कामापुरतं. पंखा गरम हवा फिरवत होता. शेवटी तिच्याच्याने राहवेना.

"दादा, मी 'नाही' दाबायला पाहिजे होतं."

"व्हय. पायजे व्हतं," तो मान वर न करता म्हणाला. ना राग, ना माफी.

थोड्या वेळाने त्यानेच विचारलं, "खेळतेस का अजून?"

"नाही. पुसून टाकला मी."

"मी खेळतो," कमळाकर म्हणाला. "तुमच्या त्या घाणीपायी मी का सोडू? दुसरी पोरं मिळाली. हरतो आमी लय. पन बोलतात बरं."

त्याने बिजागरी घट्ट केली, पडदा फडक्याने पुसला आणि लॅपटॉप तिच्याकडे सरकवला. आमच्यात खेळायला ये, असं म्हणाला नाही. तिनेही विचारलं नाही. बाहेर एसटी लागली होती, ती खिडकीपाशी जाऊन बसली. शेजारच्या म्हातारीने केळं सोललं, अर्धं मोडून तिच्यापुढे धरलं. म्हातारीची बोटं मळकट होती, केळं काळं पडलेलं होतं. हर्षलाच्या घशाशी आलंच. तरी तिने ते घेतलं, आणि खाल्लं.