मागचं झाकण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, त्या पुरुषोत्तमला तर नाहीच. दोन वर्षं झाली. कितीदा वाटलं आज बोलू, आणि कितीदा दुसरंच काहीतरी बोलून घरी आलो.

कुठून सुरू करू?

मी चंद्रपूरला एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळतो. वय बावन्न. बोलणं कमी. नाद एकच — जुने कॅमेरे, जुनी भिंगं. पुरुषोत्तमचा फोटो स्टुडिओ जटपुरा गेटच्या आतल्या गल्लीत आहे. बाकी सगळ्यांनी रोल धुणं कधीच सोडून दिलं होतं, पण त्यानं स्टुडिओमागची डार्करूम चालू ठेवली होती. काळ्या-पांढऱ्या रोलची दोन-चारच कामं महिन्याला यायची. ती करताना तो दार लावून आत गुणगुणायचा, आणि मी बाहेर बाकावर बसून ऐकायचो.

रविवारी आम्ही त्याच्या मोटरसायकलवर निघायचो. मूल, सिंदेवाही, चामोर्शी, कधी थेट आष्टीपर्यंत. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या लोखंडी पेटीत एखादा कॅमेरा पडलेला असतो, तो शोधायचा. घ्यायचा मी, दुरुस्त करायचा त्यानं. "तू नुसते कॅमेरेच जमा करून राह्यला बे," तो मला चिडवायचा, "फोटो कवा काढशीन? मेल्यावर?"

आम्हा शौकिनांचा फोनवर एक गट आहे. नागपूर, अमरावती, पुण्याचेही लोक आहेत त्यात. नवीन खरेदी झाली की एक रीत आहे आमच्यात. कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडायचं, तो खिडकीकडे धरायचा आणि शटर दाबायचं. भिंगातून उजेडाचा एक गोल दिसतो. त्याचा फोनवर फोटो घेऊन गटावर टाकायचा. याला आम्ही 'डोळा उघडणं' म्हणतो. डोळा उघडल्याशिवाय खरेदी झाली असं कुणी मानतच नाही.

रीत साधी आहे. निरुपद्रवी आहे — आत रोल नसेल तर.

मार्कंड्याच्या अलीकडच्या एका गावात शेवंताबाई राहतात. त्यांचे यजमान शाळेत हेडमास्तर होते. गावात फोटो काढणारे तेवढेच एक. त्यांच्याकडे रशियन कॅमेरा होता, जड, चामड्याच्या पेटीतला. मास्तर वारल्यावर वर्षभरानं कुणीतरी आम्हाला त्याचा पत्ता दिला, म्हणून आम्ही गेलो. पुरुषोत्तम अंगणात गाडीचं चाक बघत होता. मी आत बुद्धाच्या तसबिरीखाली खुर्चीवर बसलो होतो. बाईंनी पेटी माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "पैशे नाई पायजे भाऊ. कॅमेरा तुमी ठेवा. आत रोल हाय. त्याच्यात माह्या प्रज्ञाचा फोटो हाय. तेवढा मले काढून द्या."

प्रज्ञा त्यांची मुलगी. दहा वर्षांची असताना हिवताप डोक्यात गेला आणि दोन दिवसांत गेली. त्याच आठवड्यात मास्तरांनी शाळेच्या गॅदरिंगचे फोटो काढले होते. रोलवरचा शेवटचा फोटो तिचा, नाचाच्या लुगड्यातला. नंतर मास्तरांनी तो रोल धुवायला दिला नाही, काढलाही नाही, आणि पुन्हा कधी कुणाचा फोटोही काढला नाही. बाई विचारायच्या, ते म्हणायचे राहू दे. वीस-बावीस वर्षं रोल तसाच आत. घरातले तिचे लहानपणचे दोन फोटो वैनगंगेच्या पुरात गेले होते. म्हणजे आईकडे तिचा चेहरा म्हणून जे काही उरलं होतं, ते माझ्या मांडीवरच्या त्या पेटीत होतं.

"देतो बाई," मी म्हणालो. हे शब्द माझे आहेत. पुरुषोत्तमनं ते ऐकलेही नव्हते. बाहेर आल्यावर मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "हात लावू नोको. जसाच्या तसा माह्याकडं आन. अंधारात मी काढतो."

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती आणि त्याचा स्टुडिओ बंद. कॅमेरा माझ्या टेबलावर. सकाळीच नागपूरच्या एका डॉक्टरांनी त्यांच्या नव्या जर्मन कॅमेऱ्याचा डोळा उघडला होता. गटावर वाहवा चाललेली. मी माझ्या कॅमेऱ्याचा बाहेरून फोटो टाकला. लगेच विचारणा — डोळा उघडला का?

मी टाळतोय. माझ्याही लक्षात येतंय.

आत रोल आहे हे मला माहीत होतं. विसरलो नव्हतो. उगाच तसं म्हणणार नाही. मी ठरवलं की रोल आधी डबीत परत गुंडाळून घेऊ आणि मग झाकण उघडू. गुंडाळायची चावी फिरवली. ताठ होती. थोडी फिरली, मग हलकी वाटली. पूर्ण गुंडाळला गेला का? गेला असणार. खरं म्हणजे मला खात्री नव्हती — मला घाई होती. दुपारी दोन-अडीचची वेळ, खिडकी उघडी, बाहेर मे महिन्याचं ऊन. मी झाकण उघडलं.

फिल्म तशीच होती. आडवी पसरलेली, करडी, सगळी दुसऱ्या बाजूला गुंडाळलेली. म्हणजे वरचे वेढे शेवटच्या फोटोंचे. निदान तेव्हा तरी झटकन बंद करावं? मी बघत राहिलो. तीन श्वास, चार श्वास. मग बंद केलं, आधी दाबायचं राहिलेलं खालचं बटण दाबून नीट गुंडाळलं, आणि कॅमेरा पुन्हा चामड्याच्या पेटीत ठेवला. गटावर लिहिलं, शटर अडकलंय.

दोन दिवसांनी पुरुषोत्तमनं रोल धुतला. मला बोलावलं. ओली पट्टी चिमट्याला टांगलेली होती. सुरुवातीची तीन चित्रं अंधुक दिसत होती — झेंडा, मुलांच्या रांगा. पुढे सगळं काळं होत गेलेलं. शेवटचं तर कोळशासारखं.

त्यानं पट्टीकडे बोट केलं. "हे असं मागचं झाकण उघडल्यावरच होते. तू उघडला तर नोता ना?"

"नाही रे," मी म्हणालो.

एवढंच. दोन शब्द. त्यानं माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पट्टीकडे पाहिलं. चाळीस वर्षं त्यानं रोल धुतले होते. त्याचे डोळे त्याला खरं तेच सांगत होते. तरी तो म्हणाला, "तू नाई म्हनतो म्हनजे नाई. मंग माह्याच खोलीत काई झालं." आणि तो डार्करूममध्ये शिरला, दार लावलं, आणि अंधारात उभा राहून उजेड येणारं भोक शोधायला लागला. अर्ध्या तासानं बाहेर आला. पत्र्याच्या सांध्याला राईएवढं भोक सापडलं होतं. शोधायला बसल्यावर कुणाच्या खोलीत सापडणार नाही?

त्याला जे दिसत होतं, त्यापेक्षा त्यानं मला खरं मानलं. आणि त्या क्षणी मला — हे लिहायला जड जातंय — मला सुटल्यासारखं वाटलं.

पुढच्या रविवारी आम्ही शेवंताबाईंकडे गेलो. त्यानं हात जोडले. "बाई, फोटो माह्या हातानं गेला. खोलीत उजेड शिरला. दोष माहा हाय." मी शेजारीच उभा होतो. बोलायला केवढी जागा होती तिथे! बाईंनी ते तीन फोटो घेतले, उजेडाला धरून मुलांच्या रांगांतून बोट फिरवत गेल्या. एकेक चेहरा बघितला. प्रज्ञा कुठल्याच रांगेत नव्हती. मग त्या म्हणाल्या, "जाऊ द्या भाऊ. मास्तर म्हनतच होते, धुवू नोको. मीच आयकलं नाई त्यायचं."

म्हणजे आता दोष दोघांत वाटला गेला होता. एकानं आपल्या खोलीवर घेतला, एकीनं आपल्या हट्टावर. मी भात खाल्ला. त्यांनी वाढला, मी खाल्ला.

त्या पावसाळ्याआधी पुरुषोत्तमनं डार्करूम बंद केली. मोठे फोटो करायचं यंत्र विकायला काढलं, त्याचं भिंगही. घेणारा कोण? मीच. सुंदर भिंग आहे, एक ओरखडा नाही. मी त्याचा फोटो गटावर टाकला. लोकांनी अभिनंदन केलं.

विश्वासघात म्हटलं की मला वाटायचं, त्यात काहीतरी कट असतो, काहीतरी मिळवायचं असतं. मला काय मिळालं? एका मित्राचा हात त्याच्या स्वतःच्याच नजरेतून उतरला आणि मी त्याच्या शेजारी बसून चहा पीत राहिलो. दर आठवड्याला. तो आता पासपोर्टचे फोटो काढतो, आधार कार्डं प्लास्टिकमध्ये बसवून देतो. रविवारी निघायचं का विचारलं तर म्हणतो, "तू जा बे, माहा गुडघा दुखते."

मागच्या महिन्यात गडचिरोलीहून एक माणूस वडिलांच्या कॅमेऱ्यातला रोल घेऊन आला. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की चंद्रपुरात हा एकच माणूस धुतो. पुरुषोत्तमनं रोल हातात घेतला, जरासा तोलला, आणि परत दिला. "नाई भाऊ. माह्या खोलीत उजेड शिरते. एका मायची पोरगी गेली माह्या हातानं. तुमी नागपूरले पाठवा." मी बाकावर होतो. तो माणूस गेला. पुरुषोत्तमनं मला विचारलं, साखर बरोबर आहे का? मी म्हणालो, हो.

नावं मी बदललेली नाहीत. बदलली तर त्याच्या हातावरचा ठपका जाईल कसा? हे छापून आलं की तो वाचेल. हे मासिक त्याच्या काउंटरवर येतं. शेवंताबाईंना कुणीतरी वाचून दाखवेल. त्याआधी जाऊन तोंडानं सांगावं, एवढी हिंमत आज हे लिहितानाही माझ्यात नाही.

मास्तर बरोबर नव्हते, बाई. रोल धुवायला देण्यात तुमचं काही चुकलं नाही. तुमची मुलगी त्या फिल्मवर होती. मी झाकण उघडेपर्यंत होती.

आणि पुरुषोत्तम, तुझ्या खोलीत उजेड शिरलेला नव्हता.