संक्रांतीचा काळा कोट

आमच्या सोसायटीत साडी म्हटलं की बायकांना मी आठवायचे. हे मी फुशारकीने सांगत नाही. बरं, थोडं फुशारकीनेच सांगते. मुलुंड पूर्वेला राहायला आल्यापासून कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं की खरेदीला मला सोबत नेत. ब्लाउज मॅचिंग न घेता उलट्या रंगाचा कसा घ्यायचा, हे बिल्डिंगमधल्या निम्म्या बायकांना मी शिकवलं. सदुसष्टाव्या वर्षी बाईकडे मिरवायला दुसरं काय उरतं? माझ्याकडे एवढं होतं आणि ते मला पुरत होतं.

मग एकदा गणपती झाल्यावर तिसऱ्या मजल्यावर एक बाई राहायला आल्या. वय सत्तर, विक्रोळीच्या कंपनी क्वार्टर्समध्ये जन्म गेलेला, नवरा वारून दोन वर्षं झालेली. पहिल्या दिवशी लिफ्टमध्ये दिसल्या त्या नवऱ्याच्या जुन्या टेरिकॉटच्या शर्टात. लांब टोकांची कॉलर, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, खाली प्लीटची पँट पट्ट्याने आवळलेली. पांढरे केस मानेपर्यंत कापलेले, मनगटावर चावीचं मोठं घड्याळ. बाईची पुरती वाट लागलीय, नवरा गेल्याचं डोक्यात गेलंय, असं मी मनाशी ठरवून टाकलं. घरी येऊन मात्र आरशासमोर उभी राहून पदर दोनदा नीट केला.

पंधरा दिवसांत सगळी सोसायटी त्यांच्या भजनी लागली. कॉलेजच्या मुली त्यांच्यासोबत फोटो काढायला थांबू लागल्या. संध्याकाळी बागेतल्या बाकावर बायका त्यांना खोदून खोदून विचारत आणि त्या शांतपणे सांगत की शिंप्याकडून शर्टाचा खांदा कधी लहान करून घेऊ नये, उतरलेला खांदाच छान दिसतो. कोटाची बाही फक्त दुमडायची, म्हणजे आतलं अस्तर दिसतं. मी शेजारी नवी कोरी इरकल नेसून बसलेली असे. साडीचा पोत बघायला पदराला हात लावणाऱ्या बायका आता त्यांच्या बाहीला हात लावून बघत होत्या. मी जळत होते. याला दुसरा शब्द नाही.

एके दिवशी चहा पिताना हे म्हणाले, "वरच्या बाई काय झकास राहतात गं." बेचाळीस वर्षांत यांनी माझ्या एकाही साडीला झकास म्हटलेलं नाही. विचारलंच तर बरी आहे म्हणतात. दुपारी हे झोपल्यावर मी माळ्यावरच्या बॅगेतून यांचा लग्नातला सूट काढला. पँट मांडीच्या वर सरकेना. कोट कसाबसा चढला, पण बटण लागेना, आणि आरशात मी वरातीतल्या बँडवाल्यासारखी दिसत होते. तेवढ्यात हे उठून दारात आले. अगदी साधेपणाने त्यांनी विचारलं, बोहारणीला द्यायला काढलास का? मी हो म्हटलं. मग देणं भागच पडलं. सूट गेला आणि घरात झाकणाचा एक स्टीलचा डबा आला.

त्या डब्यात पोहे भरताना मला कळलं की मी एका विधवा बाईचा हेवा करतेय. तिला तिच्या माणसाचे कपडे अंगाला होतात म्हणून. माझा माणूस बाहेर सोफ्यावर धडधाकट बसून पेपर वाचत असताना. हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्या बिल्डिंगमध्ये माझ्याकडे असतं. नवरा गेलेल्या बायकांनाही बोलवायचं, हे आठ वर्षांपूर्वी मीच सुरू केलं. तळमजल्यावरच्या मालवणच्या आजी पहिल्या वर्षी दारातच थांबल्या होत्या. मी त्यांना हाताला धरून आत आणलं, कुंकू लावलं आणि त्या रडल्या. तेव्हा माझं केवढं कौतुक झालं होतं. ग्रुपवरचा मेसेज तेव्हापासून तोच, 'सर्व मैत्रिणींनी अगत्य यावे.' या वेळी मी त्यातला एक शब्द बदलला. 'मैत्रिणींनी' खोडलं आणि 'सुवासिनींनी' लिहिलं. त्या बाईने माझ्या घरी, माझ्या दिवशी, ते कपडे घालून येऊ नये, एवढंच मला हवं होतं. मेसेज गेला आणि मला शांत वाटलं.

संक्रांतीला मी काळी चंद्रकळा नेसले. पाचपासून बायका यायला लागल्या. साडेपाचला दारात त्या उभ्या. त्यांचे सासरे कोर्टात शिरस्तेदार होते, त्या सासऱ्यांचा गुडघ्यापर्यंतचा काळा लोकरी कोट, आत पांढरा शर्ट आणि कोटाच्या काजात अबोलीचा तुकडा खोवलेला. संक्रांत म्हणून काळं घातलं, म्हणाल्या. मेसेज त्यांनी वाचलाच नव्हता. सगळ्या बायका उठून त्यांच्याभोवती जमल्या. हजारो टिकल्यांनी चमकणाऱ्या माझ्या चंद्रकळेकडे कुणी ढुंकून बघेना. मी दात आवळून कुंकवाची कोयरी पुढे धरली, तर त्यांनी केस मागे सारून कपाळ पुढे केलं.

मग त्यांनी इकडेतिकडे बघितलं. "खालच्या आजी नाही आल्या? इथलं हळदीकुंकू चुकवू नको म्हणून आठवडाभर त्याच मला सांगत होत्या."

मी हॉलभर नजर फिरवली. नवरा गेलेल्या, दरवर्षी येणाऱ्या चौघी नव्हत्या. मेसेज लिहिताना त्या चौघींपैकी एकही माझ्या मनात आली नव्हती.

ताट घेऊन मी खाली गेले. आजी काळ्या काठाचं लुगडं नेसून, तोंडाला पावडर लावून खुर्चीत बसल्या होत्या. नातीने मेसेज वाचून दाखवला तो सगळी तयारी झाल्यावर. मी काही बोलायच्या आतच त्यांनी विचारलं, "माजा काय चुकला गो बाय?"

खरं उत्तर वरच्या बाईंच्या कपड्यांत होतं. ते मला देता आलं नाही. मोबाइलने शब्द आपोआप बदलला, माझ्या लक्षातच आलं नाही, असं मी म्हणाले. त्यांनी मलाच सांभाळून घेतलं.

"असांदे. मोबायलात होता तसा."

त्यांनी कुंकू लावून घेतलं, तीळगूळ घेतला, वाण पदरात घेतलं. मी म्हटलं, आता वर चला, सगळ्या वाट बघताहेत. त्यांनी मान हलवली.

"आता नको गो," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी वाचला असतला."